आंब्याचं घमेलं

पुंडलिक राऊताचं वाटोळं व्हावं ही मंजुळेची जुनी इच्छा होती आणि ती तिने कधी लपवून ठेवली नव्हती. बाजाराच्या दिवशी चिंचणीहून टमटम निघाली की ती आधी महालक्ष्मीला हात जोडायची आणि मग बोईसर येईपर्यंत राऊताचा उद्धार करायची. सून दीपा मांडीवर बोंबलांची पाटी घेऊन शेजारी बसलेली असे. तिला दोन्ही स्तोत्रं पाठ झाली होती.

बोईसरच्या बाजारामागे रतनबाग आहे. कारखाने यायच्या आधी बोईसर म्हणजे स्टेशन, गवताच्या वखारी आणि थोडी दुकानं, एवढंच होतं. त्या काळी रतनजी नावाच्या पारशी शेटाने ही बाग लावली. एक विहीर, दगडी बाकं, चिकूची रांग, कोपऱ्यात नारळ आणि मधोमध एक रायवळ आंबा. बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीच्या बायका त्या आंब्याखाली रांगेने बसत, आणि शेटाला त्यांचं बसणं आवडत असे. मरताना बाग गावाला देऊन जाताना तो म्हणे सांगून गेला की आंब्याची सावली आहे तोवर या बायकांना कुणी उठवायचं नाही. म्हणे अशासाठी, की ते ऐकणारं आता कुणी जिवंत नाही. पण ग्रामपंचायतीने तो शब्द आजवर पाळला होता. आंबा आहे तोवर रांग आहे, हे बोईसरमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि राऊतालाही माहीत होतं.

राऊत केळव्याचा वाडवळ, पिढीजात बागायतदार. घरची वाडी नारळ-सुपारीची, पानवेलींची. नोकरीत त्याने एका कारखान्याची हिरवळ सांभाळली आणि निवृत्त झाल्यावर रतनबागेच्या समितीचा अध्यक्ष होऊन बसला. बसला तरी कसं म्हणावं, त्या माणसाला बाकावर टेकलेला कुणी पाहिलाच नाही. हातात कात्री, गळ्यात शिट्टी. नव्या बिल्डिंगांमधून सकाळी फिरायला येणाऱ्यांना तो देवमाणूस वाटे. आंब्याखालच्या बायकांना तो काय वाटे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याला मासळीचा वास सोसत नव्हता म्हणावं, तर केळव्याच्या माणसाने तसं बोलल्यावर लोक हसतील. त्याला बागेत बाजार नको होता. बाग ही बाग असते, असं तो म्हणे, आणि या वाक्यावर मंजुळेचं डोकं फिरत असे. आधी त्याने गवतावर पाट्या ठेवायला बंदी केली. मग बागेत कसलाही कचरा टाकायला बंदी केली. मग फिरणाऱ्यांचे बूट चिखलात भरतात म्हणून सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले, ते थेट आंब्याच्या बुंध्यापर्यंत आणून भिडवले आणि खाली सिमेंट ओतलं. बुंध्याभोवती पाटीएवढं मातीचं कडं तेवढं उरलं. मंजुळेने भर बाजारात त्याला विचारलं की न्हाणीघर बांधतो आहेस की बाग. तो म्हणाला, न्हाणीघरच बरं, तुम्ही गेल्यावर धुता तरी येतं. त्या दिवसापासून दोघांत उघड वैर झालं.

आता रांगेची रीत सांगितली पाहिजे. ती मंजुळेच्या सासूने, आनंदीने, सुरू केली होती. बाजार उठला की खाऱ्या मासळीच्या पिंपांच्या तळाला सुटलेलं पाणी, पाट्यांचं धुवण, मोडकी डोकी-शेपट्या, सगळं एका घमेल्यात जमा करायचं. मग रांगेतल्या थोरलीने खोडाला हात लावायचा आणि ते बुंध्याशी ओतायचं. किनाऱ्यावर घरोघरी परसात नारळ, आणि मीठ नि माशाची कुटी घातल्याशिवाय नारळ धरत नाही हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जे नारळाला मानवतं ते आंब्याला का मानवू नये? आंबा आपल्याला सावली देतो, आपण त्याला आपल्यातलं द्यावं. याला त्या आंब्याचं घमेलं म्हणत. आनंदी गेल्यावर ते मंजुळेकडे आलं. राऊताची बंदी आल्यावर तर त्याला जास्तच महत्त्व आलं. तो संध्याकाळी केळव्याला निघून गेला की मंजुळा पदर खोचून घमेलं ओतायची आणि वर विहिरीचं पाणी शिंपडून वास घालवायची. त्याच्या नाकावर टिच्चून आंब्याला जेवू घातल्याचं समाधान घेऊन ती घरी जात असे.

फरशी बसल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आंबा आजारी पडला. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या, मोहर आला तसा गळाला, बाजाराच्या बाजूची मोठी फांदी वाळली. मंजुळेला अन्न गोड लागेना. तिचा रूपेश, दीपाचा नवरा, याच फांदीला टांगलेल्या झोळीत वाढला होता. तिचा नवरा दर्यात गेला त्या वर्षी ती याच बुंध्याला पाठ लावून बसायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची, कारण भांडताना रडू येत नाही. आजारी माणसाला आपण काय करतो? जास्त खाऊ घालतो. तिने घमेलं वाढवलं. चिंचणीहून खाऱ्या मासळीच्या पाण्याचा कॅन भरून आणायला लागली आणि दीपाने एवढं कशाला, असं विचारलं तर तिच्यावर खेकसायची.

आंबा आणखी वाळला.

मग एका बाजाराला तिला खोडात भोक दिसलं. खरं तर तिथे समितीने झाडाच्या नावाची पाटी स्क्रूने बसवली होती आणि ती गळून पडली होती, पण मंजुळेने भोकात बोट घातलं, हुंगलं आणि हिंग, हिंग म्हणून ओरडली. झाड मारायचं तर खोडाला भोक पाडून त्यात हिंग भरतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं. सकाळपासून खारा बांगडा हाताळलेल्या बोटाला हिंगाचा वास कसा आला ते देव जाणे. पण रांगेतल्या प्रत्येकीने ते भोक हुंगलं आणि प्रत्येकीला तो आला. आंबा आहे तोवर रांग आहे. मग आंबा नको कुणाला झाला असेल? हे विचारायलाही कुणाला थांबावं लागलं नाही.

त्याच आठवड्यात बागेत नव्या बाकांचा कार्यक्रम होता. फिरणारी मंडळी टाळ्या वाजवत होती, राऊत इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता. मंजुळा रांगेतून उठली, सरळ त्यांच्या मधून चालत गेली आणि तिने कंबरेची पिशवी सोडून हिंगाची नवी डबी त्याच्या हातावर ठेवली.

"राऊतभाव, घरातला संपला असंल," ती म्हणाली. "पुढल्या झाडाला लागंल तुमाला."

कुणीतरी हसलं. राऊताच्या तोंडचा रंग उडाला. त्याने डबीवर मूठ आवळली आणि हळू आवाजात म्हटलं, "मंजुळे, मी त्या आंब्याला काय केलं असंल तर माझी वाडी जळो."

"जळंल," मंजुळा म्हणाली. "आमी बघायला येऊ."

बाजारात गेलेली गोष्ट बाजारापुरती राहत नाही. बोईसरच्या पोरांनी त्याचं नाव हिंग्या ठेवलं. गेटावर तो दिसला की कुणीतरी नाक धरायचं. त्याची बायको विजया मंजुळेकडून सुकट नेत असे. ती बाजाराला यायची बंद झाली. केळव्यात कुणाची नवी बाग लागायची तर पहिलं रोप राऊताच्या हातून लावून घेत, हात चांगला म्हणून. ते बोलावणं आता त्याच्या भावाकडे जाऊ लागलं. वाडवळाला दारुड्या म्हणा, कंजूस म्हणा, तो ऐकून घेईल. झाड मारणारा म्हटलं की त्याच्यात उरतं काय? मंजुळेला हे सगळं समजत होतं आणि समजत होतं म्हणूनच तिला बरं वाटत होतं.

पावसाळा गेला तरी आंब्याला पालवी फुटली नाही. कृषी खात्यातली स्वाती नावाची मुलगी येऊन मुळांची माती घेऊन गेली आणि ग्रामसभेत तिने सांगितलं की मुळं मिठाने जळली आहेत, माती मिठाने भरली आहे, हिंगाचा इथे काही संबंध नाही. मंजुळा तयारच होती. ती उभी राहिली आणि म्हणाली की हिंग नसेल तर मीठ, मारणारा तोच. रात्रीतून पोतं आणून ओतलं असेल. सभेने माना डोलावल्या. राऊत गर्दीतून पुढे आला. तो बायकांकडे वळला आणि त्याने सरळ विचारलं, "तुमी टाकता काय काही बुंध्याशी?"

"नाय," मंजुळा म्हणाली.

तिच्या मते ती खोटं बोलली नव्हती. टाकतात तो कचरा. जेवू घालणं म्हणजे काही टाकणं नव्हे. रांगेतल्या बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण कुणाची पापणी हलली नाही. सरपंच हेमांगीबाईंनी निवाडा दिला. मेलेलं झाड काढायचं, फरशी उखडायची, खड्डा खणून माती बदलायची आणि त्याच जागी नवा आंबा लावायचा. रांग हलणार नाही. राऊतांनी समितीतून मोकळं व्हावं. राऊताने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि तो कुणाकडे न बघता निघून गेला. चिंचणीच्या टमटममध्ये त्या दिवशी बायकांनी गाणी म्हटली.

आंबा तोडला त्या दिवशी मंजुळा आली नाही. खड्डा खणायच्या दिवशी मात्र आली, आपल्या जागेवर लक्ष ठेवायला. खणणाऱ्यांनी फरशीखालची काळी माती ढिगाने बाहेर काढली होती. राऊताचं पाप एकदा बघावं म्हणून तिने चिमूटभर उचलली आणि सवयीने जिभेवर ठेवली. खारी मासळी घेताना ती नेहमी असंच करायची. कुणाच्या पिंपातलं मीठ किती मुरलंय ते तिला जिभेवर कळायचं. पोत्यातलं मीठ नुसतं खारट लागतं. ही माती खारट होतीच, पण खारटाच्या मागून बांगडा आला. त्याच्या मागून तो किंचित आंबूस, पिंपाच्या तळाचा वास, जो तिच्या हाताला, लुगड्याला, उशीला आयुष्यभर होता.

ती थुंकली आणि तिने दुसरी चिमूट घेतली. मग मागे सरून बाकावर बसली. राऊताने ज्यांच्यासाठी कार्यक्रम केला होता त्यांतलंच ते एक बाक होतं, आणि त्यावर ती आजवर हट्टाने कधी बसली नव्हती.

तिने राऊताला सोडवून घ्यायचा प्रयत्न केला असं समजू नका. उलट तिने त्याला त्यातच अडकवून ठेवायची खूप धडपड केली. आनंदी घमेलं ओतायची तेव्हा आंबा का मेला नाही? तेव्हा माती उघडी होती, आपला पाऊस सगळं धुऊन नेत होता. फरशी आली, पाणी बाहेर जायला वाट राहिली नाही, मीठ आतल्या आत साठलं. मग फरशी कुणी घातली? हे खरंच होतं, आणि अर्धं पाप त्याचं धरलं तरी चाललं असतं. पण हिंगाची डबी तिने त्याला अर्धी दिली नव्हती. आणि कॅन भरभरून आणले होते ते तिने, झाड मरणाला टेकलेलं असताना, मायेने. ही गोष्ट आठवली की त्याचा राग पुन्हा ती राऊतावरच काढत असे.

ती गप्प राहिली. पुढचे काही बाजार खड्डा उघडा आहे या निमित्ताने ती घमेलं स्वतः उचलून गटारात रिकामं करून यायची. दीपाला वाटलं सासूला नवीन झाडाची ओढ लागली आहे.

रोप लावायचा दिवस बाजाराचाच धरला होता. हेमांगीबाईंनी नारळ फोडला, फिरणारी मंडळी आणि मासळीच्या बायका कधी नव्हे त्या एका ठिकाणी उभ्या राहिल्या. राऊत आला होता, पण आत आला नाही. गेटाबाहेर, पानाच्या टपरीशी उभा होता. नवं झाड लागताना बघितल्याशिवाय त्याला राहवलं नसणार. मंजुळेने त्याला पाहिलं आणि तिच्या तोंडात नेहमीची शिवी आली, पण ती आतच राहिली.

पेढे वाटून झाले. तेवढ्यात दीपा घमेलं घेऊन आली. तिने ते आपलं आपण भरलं होतं, काठोकाठ, आणि काठाला हळदकुंकू लावलं होतं. आता बंदी करणारा राऊत राहिला नव्हता, त्यामुळे संध्याकाळची वाट बघायचं कारण नव्हतं. रोपाला खोड म्हणावं असं काही नव्हतंच, म्हणून तिने एका बोटाने त्याच्या तांबूस पानाला हात लावला आणि घमेलं कलतं केलं.

"नको घालू," मंजुळा म्हणाली.

दीपा हसली. "आई, लहान हाय तवरच घातलं पायजे. तुमीच सांगता."

मंजुळेने पुढे होऊन घमेल्याची कड धरली. दोघींच्या ओढाताणीत थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं. शेजारची ठकी, जी रांगेत तिच्या खालोखाल थोरली होती, ती तोंडातला पेढा गिळून म्हणाली, जुन्याला चालायचं ते नव्याला का चालू नये?

मंजुळेला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. देवीचा कौल मिळाला नाही म्हणाली असती तर कुणी पुढे विचारलं नसतं. पण मग पुढच्या बाजाराला दुसरं काही सांगावं लागलं असतं, आणि ती नसेल त्या दिवशी दीपाने घमेलं ओतलंच असतं, असंच, हळदकुंकू लावून. तिने दीपाच्या हाताकडे पाहिलं. तो हात खोडाला कसा लावायचा ते तिनेच शिकवलं होतं.

"जुन्याला पण चालत नव्हतं," ती म्हणाली. "राऊतानं नाय मारला. आपल्या घमेल्यानं मेला तो. मी मारला. आजारी पडला तवा कॅन भरून भरून घातलं मी."

पेढे खाणारी तोंडं थांबली. हेमांगीबाई वळल्या. काय झालं ते सगळ्यांत आधी ठकीला कळलं, आणि कळताच ती पेटली. दात-ओठ खाऊन तिने मंजुळेला विचारलं की सगळं पदरात पडलेलं असताना तोंड उघडायचं कारण काय होतं. आता बाईंच्या समोर बोललीस, आता उठवतील आपल्याला, तुझ्या खरेपणाचं काय कालवण करायचं? हेमांगीबाई म्हणाल्या की हे त्यांनी ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही, रांगेचा विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा लागेल. फिरणाऱ्यांपैकी कुणीतरी अगदीच रास्त, असं म्हणालं. ठकीने आपली पाटी उचलली आणि मंजुळेपासून लांब नेऊन ठेवली. मग बाकीच्यांनीही एकेक करून नेल्या. दीपा घमेलं छातीशी धरून तशीच उभी होती.

राऊत आत आला. शिट्टी टेबलावर ठेवून गेल्यापासून त्याने बागेत पाऊल टाकलं नव्हतं. तो येताना दिसला तशी मंजुळा ताठ झाली. माफी मागायची असते हे तिला कळत होतं, पण या माणसाची माफी मागायला तिची जीभ वळेना.

"फरशी तुमी घातली," ती म्हणाली. "ती नसती तर पावसानं धुऊन नेलं असतं."

"घातली," राऊत म्हणाला.

एवढं बोलून त्याने खिशात हात घातला आणि हिंगाची डबी बाहेर काढली. तीच होती. झाकणावरचा कागद फाडलेला नव्हता. इतके दिवस त्याने ती जवळ बाळगली होती. त्याने ती मंजुळेच्या पाटीत, बोंबलांच्या वर, नीट मधोमध ठेवली. नव्या रोपाकडे एकदा पाहिलं, वाकून त्याच्या बुडाची माती अंगठ्याने दाबली आणि तो आला तसा निघून गेला. तिच्याशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

बाजार चालू होता. मंजुळा उन्हात एकटी बसून राहिली, कारण सावली आता तिथे नव्हती आणि रोपाची यायला वेळ होता. दीपा घमेलं कोपऱ्यातल्या नारळाखाली रिकामं करून आली आणि सासूशेजारी बसली. थोड्या वेळाने तिने डबी उचलायला हात पुढे केला, तर मंजुळेने तो बाजूला सारला.

कारखान्यातला एक पोरगा बोंबील घ्यायला वाकला आणि त्याला डबी दिसली.

"चाची, हिंग भी बेचती हो क्या?"

"नाय," मंजुळा म्हणाली, आणि डबी न हलवता तिने तिच्याभोवतालचे बोंबील त्याला काढून दिले.